तू शिकवली नाहीस ती पाई

अक्का, तुझा तेरावा एका दिवसावर आला होता आणि चंद्री व्यायली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जनावराला पंचांग कुठं कळतं!" आणि पदर खोचून गोठ्यात गेली असतीस. तू नव्हतीस म्हणून मी गेले. वासराला बघून मला रडू फुटलं आणि मला बघून चंद्रीनं तोंड फिरवलं. माझ्या हातची पेंड खायला या घरातली गायसुद्धा नाखूश असते, हे तुला मी काय सांगायचं!

तुला बिनधास्त 'तू' लिहितेय. आता कोण ऐकतंय? आपण सख्ख्या बहिणी, आणि आईनं दोघींना धुळ्याच्या एकाच घरात दिलं. थोरलीला थोरला, धाकटीला धाकटा. "एकमेकींना सोबत होईल," म्हणाली. सोबत झाली, पण माहेर गेलं. बाकीच्या सासुरवाशिणी निदान बहिणीच्या घरी जाऊन रडतात, आपल्याला रडायला जायचं तर ओसरीवरून माजघरात. आणि एकीनं काही केलं की दुसरीला ऐकून घ्यायचं, हा वर नफा. मी उंबरा ओलांडला त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं, "आते ती तुन्ही बहीण नही, जाऊ शे." तेव्हापासून चारचौघांत 'जाऊबाई, तुम्ही' आणि चुलीपाशी 'अक्का, तू'. एकदा पाहुण्यांसमोर मी "जाऊबाई, तू मीठ घातलंस का?" असं विचारून बसले, तेव्हा तू भांडी आणायच्या निमित्तानं मागच्या दारी जाऊन पोटभर हसून आली होतीस. भांडं एकही आणलं नव्हतंस.

तर चंद्रीचा चीक. आपल्याकडे गाय व्याली की पहिला चीक गल्लीत घरोघर जातो, आणि भांडं परत येतं ते चिमूटभर दाणे पोटात घेऊन, गाईचं दूध आटू नये म्हणून. हे वाटप नेहमी तुझ्याकडे. पण या वेळी घरात तुझंच सुतक. सुतकाच्या घरचा चीक कोण घेणार? एकटी पिंजाऱ्याची अमीनाबी मागच्या दारी आली आणि म्हणाली, "हमारे में ऐसा कुछ नहीं, भाभी. बडी भाभी होती तो अब तक घर पहुँच जाता." लोटाभर घेऊन डोळे पुसत गेली. बाकी सगळा चीक घरात अडकला. घट्ट, पिवळा, चरवीत काठोकाठ. त्याला दाराबाहेर जाता येईना आणि मलाही. मी त्या चरवीशेजारी बसून राहिले. माजघरात धरणगावकडचे पाहुणे भरलेले, देवाला हात लावायचा नाही, रडायचं तर कुणीतरी लगेच "पाणी द्या हिला" म्हणणार.

तेवढ्यात सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बठ्ठा चीक घरमा. उद्या गोड जेवन शे. तिन्ही ती साहेबनी पाई व्हयी जाऊ दे. शालूले करू दे."

मी चरवीवर झाकण घट्ट बसवलं.

माझी शालू जळगावला निघाली होती ना गं. सातवीची फायनल पास झाली, मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव लागलं, ट्रंक भरून खाटेखाली ठेवलेली. तिनं जायचं हे तुझ्या आजारपणातच ठरलेलं, आता तेरावा झाला की निघायचं. पण तू गेलीस आणि पाहुण्यांत बोलणं सुरू झालं की आता या घरची चूल कोण बघणार? कुणीतरी म्हणालं, "धाकटी आहे की." त्यावर सगळे हसले. सुतकातही हसले. माझ्या स्वयंपाकाला सुतक लागत नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "पोरना हातले चव शे. एक वरीस थांबू दे तिले. कॉलेज काय पळी जास का?" आमच्या यांनी मान डोलावली. यांचं तुला ठाऊकच आहे, जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूचे.

एक वर्ष म्हणे! भाऊजी गेले तेव्हा तुलाही असंच म्हणाले होते, थोडे दिवस चुलीकडे बघ, तेवढंच मन रमेल. तुझं मन तिथं रमवता रमवता तुझे केस पिकले.

त्या पाईचं मूळ आपल्या चाळीसगावात. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, शेजारच्या क्वार्टरात ड्रायव्हरची बायको रोझाबाई. ती पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून पाई, म्हणजे पोळीच्या वाटीत दूध-अंड्याचं गोड सारण, भाजायची आणि तू कुंपणाला नाक लावून उभी. आईनं सांगितलं, अंडं या घरात येणार नाही, स्वप्नातसुद्धा. तू ऐकलंस आणि आपली गाय व्याल्यावर अंड्याच्या जागी चीक घातलास. बसली! रोझाबाईनं एक फोड खाल्ली आणि म्हणाली, "छोकरी, अंडं नाही तर हे थरथरतं कसं?" तू म्हणालीस, "मला घाबरून." किती वर्षांची असशील? परकर नेसत होतीस एवढं आठवतं. तिनं तुला आपली कंगोऱ्याची एनामलची ताटली देऊन टाकली. लग्नात तू तीच घेऊन आलीस आणि सासूबाईंनी ती हातात धरून दोन्ही बाजूंनी बघितली होती, कुठं अंडं चिकटलंय का म्हणून.

आणि मी आले तेव्हा काय घेऊन आले? काहीच येत नाही ही कीर्ती. पहिल्या दिवशी मला वरण-भात करायला सांगितलं. भाताचं वरण झालं आणि वरणाचा भात. मामंजी ताटावरून उठताना म्हणाले, "सूनबाई, तुम्ही उद्यापासून निवडणं-टिपणं बघा." मी घाबरून तुझ्याकडे बघितलं तर तुझ्या चेहऱ्यावर समाधान. मला तेव्हा वाटलं, स्वतःचा मान टिकला म्हणून. तेव्हापासून माझ्याकडे फक्त निखारे. निखारे कुणाला बिघडवता येत नाहीत असं तुला वाटत होतं. मी तेही करून दाखवलं. पहिल्याच पाईला पऱ्हाट्यांचे निखारे ठेवले. कापसाच्या काड्या त्या, भुर्रकन पेटतात आणि भुर्रकन विझतात. मग मी घाबरून खालून जाळ वाढवला. पाई वरून दूध आणि खालून कोळसा. हे म्हणाले, "हिच्या हातचं खाल्लं की माणूस देवाच्या जवळ जातो." तू मात्र शांतपणे म्हणालीस, "बाभळीचे घे. आणि घाई करू नकोस, निखारा ऐकतो." निखारा ऐकतो म्हणे! मला तर पोरंसुद्धा ऐकत नव्हती.

पण पुढं कितीतरी वेळा पाई झाली आणि निखारे मी पुरवले. तू कणकेत गार तूप चोळायचीस, पाणी नावाला. पोळी लाटून ताटलीत बसवायचीस, सुईनं टोचे मारायचीस, आधी ती नुसती अर्धी भाजायचीस. मग चीक. पहिल्या दिवसाचा असेल तर त्यात तेवढंच दूध, नाहीतर रबर होतो. साखर, वेलदोडा, जायफळ, आणि चीक कोमट करून ओतायचा, गार ओतला की खालची पोळी गळते. मी शेजारी बसून चिमट्यानं निखारे सरकवायचे, आणि तू झाकण उचलून ताटलीच्या कडेला बोटानं टिचकी मारायचीस. मध्यभागी जरा हललं पाहिजे. पूर्ण बसली म्हणजे उशीर झाला.

जळगावच्या त्या बाई आल्या होत्या ते आठवतं ना? सासूबाईंच्या लांबच्या नात्यातल्या, मुलींचं वसतिगृह चालवायच्या. त्यांना तू पाई वाढलीस. त्यांनी खाल्ली, चमचा खाली ठेवला आणि सरळ म्हणाल्या, "आमच्याकडे येता का? राहायला खोली आहे. मुलींचं जेवणखाण बघायचं. तुमच्यासारखी बाई शोधतेय मी." मी दाराआड होते. मी कान फळीला लावला. सासूबाई इतक्या गोड हसल्या की मला थंडी वाजली. म्हणाल्या, "हिना हातनं खावानी सवय लागी गयी आम्हले. हिले कोन सोडी?" आणि तू? तू विचारलंस, "आणखी वाढू?"

त्या बाई गेल्या आणि मी तुझ्यावर तुटून पडले.

"हो म्हणायला काय झालं होतं तुला?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. खोली देत होती ती बाई. स्वतःची खोली! दाराला आतून कडी!"

"मला चुलीपाशी बरं वाटतं," तू म्हणालीस.

"कुणाला बरं वाटतं चुलीपाशी?"

"मला वाटतं. तुला नाही वाटत कारण तुला येत नाही. जा, निखाऱ्यांवर पाणी टाक."

मी टाकलं. आणि मनात म्हटलं, ही बाई भित्री आहे. हिला पिंजराच आवडतो. पिंजऱ्यात बसून गोड गोड शिजवायला आवडतं. तुझा मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी तुझ्या हातची भाकरी खाल्ली नाही. रात्री भूक लागली तेव्हा कळलं की दुसऱ्या कुणाच्या हातची मिळण्याची सोय नाही.

सासूबाई वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, तूही म्हणाली नाहीस. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. तुला ताप आला की त्या तुझ्या उशाशी बसायच्या. डोक्यावर पट्ट्या ठेवायच्या, आणि मधूनच मला ओरडायच्या, "तू चूलकडे जाऊ नको, ती मरी जाई!" प्रेम होतं गं त्यांचं तुझ्यावर. पण तुझ्या हाताला जितकी चव, तितकी ही दारं जड. तू एक दिवस आमटी खारट केली असतीस तर कदाचित तुला कुणी जाऊ दिलं असतं. तुला ती खारट करता आली नाही. माझ्यात तेवढी एक कला होती आणि ती तुझ्या काही उपयोगाची नव्हती.

मग शालू. गेल्या वेळी चंद्री व्याली तेव्हा शालू तुझ्याजवळ येऊन बसली आणि तू गोठ्यात गेली असताना तिनं पोळी लाटून ताटलीत बसवून टाकली. कंगोरे एकसारखे, जणू ताटलीबरोबरच आलेत. मला इतका आनंद झाला! मी सगळ्यांना हाका मारायला निघाले. तू आलीस, बघितलंस आणि तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलंस.

"पळ. पुस्तक घे."

"मोठ्या आई, बघ ना, बरोबर झालंय."

"बघितलं. पळ."

पोर तोंड एवढंसं करून गेली आणि तू ती पोळी मोडून परत गोळा केलास. मग आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही, अक्का. मी म्हणाले, "माझ्या पोरीला शिकवायला तुझं काय जात होतं? बरोबर घेऊन जाणार आहेस का ती पाई?" तू म्हणालीस, "तिला नको." "का नको?" "नको म्हणजे नको." मी म्हणाले, तुला तुझी विद्या सांभाळून ठेवायची आहे, या घरात दुसरं कुणी तुझ्यासारखं व्हायला नको आहे तुला. एवढंच म्हणालीस, "हो. नको आहे." आणि पीठ मळायला लागलीस. मी ते वाक्य कितीतरी दिवस उलटसुलट केलं आणि प्रत्येक वेळी त्यातून तुझा कंजूषपणाच काढला. इतकी हुशार मी.

तर त्या दिवशी सासूबाईंनी फर्मान सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शालू चुलीपुढं येऊन बसली. वेणी वर बांधलेली, बाह्या सरकवलेल्या, चरवी समोर. तिचे डोळे असे चमकत होते, अक्का, की मला तू दिसलीस, कुंपणाला नाक लावलेली.

"आई, मी करते. मला येईल असं वाटतं."

येईल असं वाटतं! मला तर खात्री होती. पहिल्या खेपेला बसली असती पोरीची. दुपारी सगळ्या पाहुण्यांनी खाल्ली असती, हिची पाठ थोपटली असती, आणि ट्रंक खाटेखालून निघून माळ्यावर गेली असती. एक वर्ष. मग आणखी एक. मग "हिले कोन सोडी?"

तेव्हा कुठं मला तुझं 'नको' कळलं. भांडण मिटवायला तू नाहीस. आता मी एकटीच हरले.

माझ्याकडे दोन रस्ते होते, पाई स्वतः करून बिघडवायची नाहीतर जमवायची. मी पाई बिघडवली तर हाक शालूलाच येणार. म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या कर्तबगारीचा इथं उपयोग शून्य. मी शालूला म्हटलं, "ऊठ. मी करते."

"तू?"

"हो, मी."

"आई, आज सगळे जेवायला आहेत."

"माहीत आहे. ऊठ."

माजघरातून सासूबाईंचा आवाज आला, "कोन करस? ती? आज तरी नको व्हं, मरेल मानूसना दिन शे!" कुणीतरी हसलं. मी दाराला आतून कडी घातली.

अक्का, माझ्या हातांना सगळं ठाऊक होतं. तूप चोळलं. पाणी नावाला. सुईनं टोचे. पोळी अर्धी भाजली, चिकात तेवढंच दूध, कोमट केलं, ओतलं. बाभळीचे निखारे मी आदल्या संध्याकाळीच बाजूला काढून झाकले होते. का, ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं. निखारे सरकवताना मला रडू येत होतं ते तुझ्यासाठी की स्वतःसाठी, हे धुरात कळेना. मला बाहेर बसायला आवडायचं गं. निवडण-टिपण घेऊन ओसरीवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, अमीनाबीशी गप्पा, पोरांना गोष्टी सांगायच्या. घरातली बिनकामाची बाई म्हणून मला सगळा दिवस मोकळा होता. तो तू दिला होतास. मी तुला भित्री म्हणत होते तेव्हा मी तुझ्या दिवसावर बसून शेंगा खात होते.

टिचकी मारली. मध्यभागी जरा हललं. उतरवली.

दुपारी सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. पंगत थांबली. मला वाटलं, झालं, खाली कोळसा लागला.

"हाई कोनी करं?"

शालू म्हणाली, "आईनं."

सासूबाईंनी दुसरा घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, खरंच आलं. म्हणाल्या, "थोरलीनाच हात." मग पदरानं नाक पुसून माझ्याकडे बघितलं, रागानं, जणू मी इतकी वर्षं घरातलं सोनं पुरून ठेवलं होतं. "इतला दिन कोठे ठेयेल व्हतं? आते तूच कर."

धरणगावचे मामा म्हणाले, "चला, घरची चूल रिकामी राहिली नाही." शेवटी तेच बोलले. म्हणून आमचे हे लगेच म्हणाले, "मग शालूला जाऊ द्यावं, काय?" मामांनी मान हलवली. सासूबाईंनी फक्त ताट पुढं केलं, आणखी वाढ म्हणून. मी वाढलं. त्या दिवशी एवढ्या लोकांनी मला आशीर्वाद दिले आणि प्रत्येक आशीर्वादागणिक मागची कडी आणखी एक बोटभर सरकत होती. संध्याकाळी धरणगावच्या मामी म्हणाल्या, "आमच्या पोरीच्या लग्नाला आठ दिवस आधीच या हं, तुमच्या हातचं पाहिजे." माझ्या हातचं! अक्का, तू ऐकलंस का?

काल शालू गेली. एस. टी.च्या टपावर ट्रंक चढवली, यांनी दोरी दोनदा तपासली. पोर खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघून हसत होती. ती म्हणाली, "आई, खरं सांग, तुला स्वयंपाकाची आवड कधीपासून लागली?"

मी म्हणाले, "उशिरा लागली. पण आता मला चुलीपाशीच बरं वाटतं."

तिनं विश्वास ठेवला, अक्का. मीही ठेवला होता.